एका पदकाला दोन नावं

“माझं नाव लिहा,” रूफस म्हणाला.

“त्याचं लिहू नका, मास्तर. माझं लिहा,” हारलन म्हणाला.

लू मास्तरांचा कुंचला शाईत बुडून तसाच राहिला.

चीनमधल्या कुनमिंगच्या धावपट्टीच्या कडेला, निलगिरीच्या सावलीत तिघं बसले होते. उद्या सकाळी सेनापती येणार, वैमानिकांना रांगेत उभं करून स्वतःच्या हातानं पदकं लावणार. जपानी विमान पाडल्याबद्दल या दोघांच्या तुकडीला पदक एकच मिळालं होतं, आणि सूर्य मावळायच्या आत त्याच्या कागदावर नाव हवं होतं.

लू मास्तर पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. युद्ध दारात आलं तसे दुभाषे झाले. चीनसाठी लढायला अमेरिकेहून आपणहून आलेली ही पोरं त्यांना आवडत. हुद्दा नाही, सलाम नाही. विमानाच्या नाकावर शार्कचे दात रंगवायचे, दिवसभर ढगांत जिवाशी खेळायचं आणि संध्याकाळी एका तळलेल्या अंड्यावरून हमरीतुमरीवर यायचं.

पण पाडलेल्या विमानावरून ती कधी भांडत नसत. विमान कुणीही पाडो, त्या वेळी आकाशात जेवढे असतील तेवढ्यांच्या नावावर ते वाटून लिहायचं, ही त्यांची आपसातली रीत. मास्तरांनी ती आपल्या आईलाही कौतुकानं सांगितली होती.

मग आज यांना झालं तरी काय?

“रीतीप्रमाणे वाटून लिहू,” मास्तर म्हणाले. “मी कचेरीत हातापाया पडतो, आणखी एक पदक मागून आणतो. दोघांना दोन.”

“नाही!” दोघं एकदमच ओरडले.

“याला कशाला?” उंचापुरा रूफस उसळला. “याच्यासमोर हत्ती उभा केला तरी गोळी शेपटीला लागायची नाही! त्या दिवशी याच्या बंदुका अडकल्या होत्या. एक गोळी सुटली नाही.”

“खोटं बोलतोय गाढव,” हारलनचे कान त्याच्या केसांसारखे तांबडे झाले. “तो लांब होता, धुक्यात चाचपडत. त्याला काही दिसलंच नाही. मी मारलं. मी एकट्यानं.”

“तू?”

“हो, मी!”

मास्तर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. एका ताटात जेवणारी, एकमेकांचे मोजे घालणारी ही पोरं. लोखंडाच्या एका तुकड्यापायी एवढी हलकी झाली?

तो दिवस मास्तरांना आठवत होता. जपानी विमानं येत असल्याची खबर आली, टेकडीवरच्या खांबावर इशाऱ्याचे लाल गोळे चढले आणि तीन विमानं उडाली. रूफस, हारलन आणि त्यांचा जोडीदार क्लेटन. डोंगरावर दुधासारखं धुकं होतं. पलीकडच्या गावच्या मुखियानं निरोप धाडला, की एक विमान जळत दरीत गेलं. दरी इतकी खोल, की खाली कुणाला उतरता आलं नाही. नुसता धूर वर येत राहिला, अंधार पडेपर्यंत.

क्लेटन अजून परतला नव्हता. त्याची काळजी मात्र कुणी फारशी केली नाही. इंधन संपलं की ही पोरं कुठल्याशा भातखाचरात उतरत, आणि आठवड्या-पंधरवड्यानं गावकरी त्यांना खुर्चीत बसवून, फटाके वाजवत घेऊन येत.

आत्ताही दूर फटाके वाजले. मास्तर ताडकन उठले. “क्लेटन! क्लेटन आला वाटतं!”

दोघांनी मानसुद्धा वर केली नाही. रूफस बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

रस्त्यावरून लग्नाची पालखी गेली. मास्तर खाली बसले, पण आता त्यांच्या मनात काहीतरी कडवट झालं होतं. मित्र रानात कुठे उपाशी हिंडतोय, आणि यांना पदकाची पडलीय.

“ऐका,” ते म्हणाले. “माझी बहीण मेइलान वेशीपाशी फुलं विकायची. लाल कॅमेलियाची टोपली, टोपलीआडून तिचं हसू. हिवाळ्यात जपान्यांचे बॉम्ब पडले. टोपली सापडली, ती सापडली नाही. त्या दरीत विमान पडलं, तेव्हापासून माझी आई रोज विचारते, पाडणाऱ्याचं नाव काय? तिला त्याच्या नावानं उदबत्ती लावायची आहे. पोटच्या पोरासाठी लावावी तशी. मी तिला काय सांगू? दोघं कुत्र्यासारखे भांडतायत म्हणून सांगू?”

हारलननं डोळे मिटले. “उदबत्ती नको, मास्तर. आईंना सांगा, नको.”

“पदक हवं आणि उदबत्ती नको?”

“नाव हवं,” रूफस पुटपुटला. “कागदावर माझं नाव. याचं नको. कधीच नको. हा रात्री झोपत नाही, मास्तर.”

“आणि तू झोपतोस?” हारलन म्हणाला.

मास्तरांना यातलं काहीच उमगेना. सूर्य तळ्यावर टेकला होता. त्यांनी कागद पुढे ओढला, कुंचला निथळवला.

“मग तुमचा वादच मिटवतो. तुम्हा दोघांपैकी कुणाचंच नाही. आकाशात तिसराही होता ना? क्लेटनचं नाव लिहितो. तो तरी भांडायला येणार नाही.”

रूफसचा पंजा धाडकन कागदावर पडला. शाई त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळली, तरी त्यानं हात काढला नाही. त्याचे खांदे गदगदत होते. हारलन उठून त्याच्याजवळ गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला,

“जपानी वाटेतूनच परत फिरले होते, मास्तर. त्या धुक्यात आम्ही तिघंच होतो.”