तिसरं पान

पळसदरीच्या फलाटावर, शेवटच्या बाकड्यावर इंदूबाई बसली होती. खोपोलीकडे जाणारी सकाळची पहिली लोकल यायला अजून दहा मिनिटं होती. नुकतं फटफटत होतं.

लढाई सुरू झाल्यापासून या एवढ्याशा स्टेशनातही रेल्वे पोलिसाची ड्यूटी लागली होती. तो दोनदा तिच्यासमोरून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"मावशी, कुठं जायचंय?"

"कुटं नाय."

"मग इथं काय करताय?"

"गाडी बघायला आले."

त्याने काठीच्या टोकाने तिची पिशवी उघडून पाहिली. पिशवी रिकामी होती. तो पुढे गेला, पण लांब उभा राहून तिच्यावर नजर ठेवून राहिला. इंदूबाईला राग आला नाही. गेले दोन दिवस तीही सगळ्यांकडे तशीच बघत होती.

तिचा मुलगा अक्षय सीमेवर होता. चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर नुसता आरडाओरडा चालायचा, म्हणून ती पेपरची वाट बघायची. सातवी शिकलेली, ओळीखाली बोट धरून सावकाश सगळा वाचायची. परवा दुसऱ्या पानानंतर तिला एकदम पाचवं पान लागलं. आतला एक कागद नव्हताच. काल पुन्हा तेच.

आधी सुनेवर संशय गेला. समीक्षा म्हणाली, "आई, मी पेपराला हातबी लावला नाय." पण बोलताना तिने मान वर केली नव्हती. ती नळावर गेल्यावर इंदूबाईने तिची ट्रंक उपसली. काही सापडलं नाही. मग शेजारच्या पोपटकडे त्याचा पेपर मागायला गेली. पोपटची बायको दारातूनच म्हणाली, "रद्दीत टाकला, काकी." सकाळी आलेला पेपर दुपारच्या आत रद्दीत?

सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि तिला कोणी सांगत नव्हतं. रात्रभर विचार करून ती एका नावापाशी आली. गावात पोचायच्या आधी पेपर ज्याच्या हातात पडतो, तो येसाजी.

लोकल आली. लगेजच्या डब्यातून कुणीतरी गठ्ठा फलाटावर सरकवला आणि गाडी निघून गेली. येसाजीने गठ्ठा उचलून तिकीटखिडकीपाशी आणला. पोलिसाने तो काठीने दाबून पाहिला, बोटाने खूण केली. येसाजीने सुतळी कापली.

पेपर सायकलला लावायच्या आधी तो उकिडवा बसला. एक पेपर उघडून तिसरं पान डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग त्यातला आतला कागद अलगद सोडवला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्यात सारला.

"माझाच हाय ना त्यो पेपर?"

येसाजीने वर पाहिलं. इंदूबाई त्याच्या डोक्याशी उभी होती.

"वयनी, तुमी घरी चला. मी येतोच पेपर घेऊन."

"काय लिवलंय त्यात?"

"काय नाय."

"काय नाय तर सदऱ्यात कशाला घातलास?"

पोलीस जवळ आला. येसाजी हळू आवाजात म्हणाला, "तिसऱ्या पानावर फोटो येतात. गेलेल्यांचे. मी रोज आधी बघतो. अक्षयचा परवा नवता, काल नवता, आजबी नाय."

"मग काडतोस कशाला रं? पोपटच्या घरीबी तूच सांगितलंस?"

"व्हय."

"मी सुनेची ट्रंक उपसली, तुझ्यापायी."

येसाजी सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. "कारगिलच्या टायमाला मी या धंद्यात नवा होतो. एका गावात एक म्हातारा रोज दारात उभा असायचा. वाचता येत नवतं त्याला. मला म्हनला, काय आलंय बघ. मी वाचत गेलो. नाव वाचलं, गाव वाचलं, तवा कळलं मी कुनाच्या दारात उभा हाय. तार दुसऱ्या दिवशी आली. फोटो आला त्याच दिवशी पान काडलं तर तुमी वळखाल, म्हनून रोजच काडतो."

"आता तसं नाही होत, मावशी," पोलीस म्हणाला. "आता आधी घरी फोन करतात."

"फोनच लागत नाय," इंदूबाई म्हणाली. तिने येसाजीपुढे हात केला. "दे."

त्याने कागद दिला. तिने तो तिथेच फरशीवर पसरला आणि पुढ्यात बसली. दोन फोटो होते. पहिला कुणी पगडीवाला. दुसरा घाटावरचा, चोवीस वर्षांचा. त्याचा फोटो लग्नातला असावा. मुंडावळ्या कापून नुसता चेहरा छापला होता, तरी कपाळाशी एक मोती राहून गेला होता.

तिने दोन्ही नावं बोट धरून वाचली. पुन्हा एकदा वाचली. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग तिचे खांदे सैल पडले आणि अडकलेला श्वास बाहेर आला. तो इतक्या जोराने आला, की तिने पदर तोंडाला लावला. पोलिसाने नजर दुसरीकडे वळवली.

"आता पटलं ना?" येसाजी म्हणाला.

"उद्यापासून अख्खा टाक."

"बरं."

तो सायकलला पेपर बांधू लागला. इंदूबाई उठली नाही. घाटावरच्या त्या पोराच्या नावाखाली तिचं बोट अजून तसंच होतं.

"येसाजी," ती म्हणाली, "याच्या आईच्या गावात पेपर कोन टाकतो रं?"