डुलणारी व्हॅन

एकांत माणसाला स्वतःपर्यंत पोचवतो, असं थोर लोक सांगतात. मला त्याने तळ्याकाठच्या पार्कपर्यंत पोचवलं, कारण कॅम्पर व्हॅनचं बुकिंग रद्द होत नव्हतं. ते बायकोने केलं होतं. ती उन्हाळ्यात वारली.

सकाळी मी धबधबा आणि माशांचं संग्रहालय उरकलं. ‘पाय दुखले, चला आता,’ असं कोणीच म्हणालं नाही.

दुपारी व्हॅनबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. शेजारच्या व्हॅनमधल्या बाई म्हणाल्या, “अहो, वहिनींना बाहेर बोलवा की! मघापासून आत येरझाऱ्या घालताहेत. गाडी बघा कशी डुलतेय!”

मी वळून पाहिलं. आत कोणी चालायला लागलं की व्हॅन डुलते, तशीच ती डुलत होती. शेगडीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पुन्हा शेगडीपर्यंत.

“वारा असेल,” मी म्हणालो.

बाईंनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर एक सुरकुतीही नव्हती.

व्हॅन थांबली. मग उघड्या दारातली लोखंडी पायरी, कोणी उतरताना दबते तशी, करकरत खाली गेली आणि दबलेलीच राहिली.

मी सवयीने तिची खुर्ची उघडायला वाकलो.

खुर्ची मी एकच आणली होती.