पक्का गोंद

होणाऱ्या सासूबाईंना पहिल्यांदाच भेटायचं, म्हणून तिने आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन विरळ केसांना लांब बटा चिकटवून घेतल्या होत्या. "गोंद पक्का बसेपर्यंत जपा," असं पार्लरवालीने बजावलं होतं. जेवताना तिचं निम्मं लक्ष ताटात आणि निम्मं कानामागच्या बटेकडे होतं. ती सैल झाल्यासारखी वाटत होती. मान हलवायचीसुद्धा चोरी.

निघताना सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकून ती बट अख्खी निघून आली. तिचा होणारा नवरा आणि त्याचे बाबा चार पावलांवर, दाराशीच उभे होते.

सासूबाईंनी बट मुठीत लपवली, तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"काकू, मी सांगणारच होते," ती कशीबशी म्हणाली.

"वेडी आहेस का? अजिबात सांगू नकोस." त्यांनी कपाटातल्या साड्यांमागून एक छोटी बाटली काढली आणि बटेच्या टोकाला गोंद लावला. "मला बावीस वर्षं झाली. ह्यांना अजून पत्ता नाही."