वास जाईपर्यंत

भाविकाने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

“अंडी,” ती म्हणाली. “सडकी अंडी.”

प्रणवचा चेहरा पडला. ग्लासात त्याची बियर होती, काळपट तांबूस, वर पांढुरका फेस. आल्टबियर. जर्मनीतल्या डसेलडॉर्फ शहरातली जुन्या पद्धतीची बियर, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका भाड्याच्या गाळ्यात शिजवलेली. तिच्यापायी त्याने केमिकल कंपनीतली कायमची नोकरी सोडली होती. आजोबा ताडी काढायचे तेव्हा पंचक्रोशीतली माणसं दारात बसून असायची. नातू बियर करतो म्हटल्यावर त्याच घरांतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. ती सरळ करायची तर भाविकाचा होकार हवा होता. देशभरच्या स्पर्धेत कुठली बियर जाणार आणि कुठली घरी बसणार, हे मुंबईहून आलेली ही बाई ठरवायची. तिचं नाक म्हणजे कोर्टच. वर अपील नाही.

त्याने घाईने स्वतःचा ग्लास हुंगला. तोच वास.

“मॅडम, सकाळी नव्हता हो. देवाशपथ सांगतो, सकाळी बिलकूल नव्हता.”

“यीस्टमुळे येतो असा वास कधी कधी,” भाविका म्हणाली. बाई मनाने चांगली होती, पण गुण देताना ते मन पर्समध्ये ठेवून द्यायची. “थोडा वेळ ग्लास तसाच राहू दे. उडून गेला तर ठीक. नाही गेला, तर मी चवही घेणार नाही.”

दोघं वाट पाहत बसले. गाळा गच्च बंद होता. बियर पारखताना बाहेरचा एकही वास आत चालत नाही, आणि बोईसरला बाहेर वासांना काय तोटा! म्हणून प्रणवने सकाळीच खिडक्या लावल्या होत्या, पंखा बंद केला होता, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं होतं. रविवारची दुपार, कारखाने थंड. मघाशी मागच्या नाल्याशी एक टँकर येऊन थांबला होता आणि घाईघाईने निघून गेला होता, तेवढीच काय ती वर्दळ. आता मागचं कुत्रंही भुंकत नव्हतं. फरशीतलं गटार त्या नाल्यालाच जोडलेलं होतं. त्याच्या जाळीखाली मधूनच बुडबुड व्हायची आणि थांबायची.

भाविकाने डोळे चोळले. “फार चुरचुरतायत. प्रवासाने असेल.”

प्रणवचं डोकं ठणकत होतं. त्याला त्याचं नवल वाटलं नाही. निकाल लागायचा असला की डोकं दुखणारच. खरं तर तो भ्यायला होता, मनापासून भ्यायला होता. इथून परत कंपनीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, आणि तेही हसणाऱ्यांच्या समोर, हे त्याला सहन होणारं नव्हतं. त्याने मनातल्या मनात डहाणूच्या महालक्ष्मीला साकडं घातलं. आई, एवढा वास घालव. दुसरं काय मागत नाय.

भाविकाने ग्लास गोल फिरवला आणि हुंगला. जरा वेळाने पुन्हा हुंगला. तिच्या भुवया वर गेल्या.

“कमी होतोय.”

प्रणव श्वास रोखून बघत राहिला. तिसऱ्या खेपेला तिने नाक जवळजवळ फेसात बुडवलं आणि चक्क हसली.

“गेला.”

त्याने आपला ग्लास उचलला. खरंच गेला होता. अंड्यांचा मागमूस नव्हता. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. भाविकाने घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला.

“कडवटपणा अगदी नेमका आहे. शेवट कोरडा, स्वच्छ. भाजलेल्या पावाचा वास यायला हवा, तो काही लागत नाहीये मला,” ती जराशी गोंधळून म्हणाली. “पण दोष एकही नाही. मी ही पुढे पाठवतेय, प्रणव.”

तो उठून तिच्या पायाच पडणार होता. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी दार ढकललं. फडकं घासत मागे सरकलं आणि दारात त्याची बायको समिधा दिसली. हातात जेवणाचा डबा. उंबऱ्यावरच ती थबकली, तिने ओढणी नाकातोंडावर दाबली.

“अहो, काय मेलंय आत? सडक्या अंड्यांचा वास पार फाटकापर्यंत येतोय! तुमी बसलात कसे?”

प्रणव हसला. “गेला तो. मॅडमनी आताच...”

समिधाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याने हळूच श्वास आत घेतला. अंड्यांचा वास नाही. बियरचा नाही. मागे रचलेल्या मॉल्टच्या, भाजलेल्या धान्याच्या पोत्यांचा नाही. समिधाच्या डब्यातल्या सुक्या बोंबलांचासुद्धा नाही.

“थांबा, खिडक्या उघडते,” म्हणत समिधाने पाऊल आत टाकलं.

“मागे हो! आत येऊ नको!”

तो असा कधी ओरडला नव्हता. ती जागच्या जागी गोठली. प्रणव उठायला गेला आणि त्याचे गुडघे वाकले. टेबल धरून तो कसाबसा उभा राहिला. कंपनीत ज्या गॅसचं नाव निघालं की जुनी माणसंही गप्प व्हायची, तो त्याला आता आठवला होता, आणि मघाचा नाल्याशी थांबलेला टँकरही. त्याने भाविकाचा दंड घट्ट पकडला.

“मॅडम, पळा! वास गेला नाय, आपली नाकं गेली. हा गॅस आधी नाक मारतो, मग माणूस.”