पक्की कॅप

"मावशी, दाढेवर तात्पुरतीच कॅप बसवू या," डॉक्टर सायमा मुजावर पडद्याकडे बघत म्हणाली. "वर्षभर सहज टिकते."

खुर्चीत आडव्या पडलेल्या रत्नप्रभाबाईंना पडदा दिसत नव्हता, पण त्यावरचा आकडा पाठ होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या रक्तातली सात प्रथिनं मोजली गेली आणि उत्तर आलं, आयुष्य उरलं चौदा महिने. तेव्हापासून जातील तिथे तो आकडा त्यांच्या आधी पोचलेला असायचा. चष्मेवाल्यानेही जुनीच फ्रेम चालेल म्हणून सांगितलं होतं.

"आणि पक्की?"

"पंधरा वर्षं. पण तुमच्या आकड्यावर लॅब पक्कीची ऑर्डर घेतच नाही."

"चौदा आकडा आलेल्या शंभर जणी धर. चौदा महिन्यांनंतर त्यातल्या किती जणी जिवंत असतात?"

सायमाने शोधलं. "पन्नास."

"मग त्या पन्नास जणी जेवतात कशाने?"

रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच ठेवलं.

"मिटा, मावशी."

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. बाहेर चार पेशंट ताटकळले होते. लाळ हनुवटीवर आली, तरी तोंड मिटेना.

शेवटी सायमाने पक्क्या कॅपचं माप घ्यायचा लगदा कालवून दाढेवर लावला. "माझ्या नावावर मागवते. माझा आकडा कुणी काढलेला नाही अजून," ती पुटपुटली. "चावा आता, हळू."

रत्नप्रभाबाई अशा चावल्या की सायमाला बोट चटकन मागे घ्यावं लागलं.