कुंभारीण माशीचं घर

बिलकीस मॅडमनी तिसरीच्या वर्गाला कुंभारीण माशीचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. ती चिखलाचे गोळे आणून घर कसं लिंपते, आत पिल्लासाठी अळ्या कशा भरून ठेवते, ते ऐकून पोरं हरखली.

"मॅडम, आपल्या फळ्याच्या वर बी हाय की असलंच घर!" साक्षी ओरडली. मग रोज वर्गात आलं की पोरं आधी तिकडंच बघायची. घराला नवी खोली लागायली होती.

शनिवारी हा पुस्तकांचा तास बघायला तालुक्याहून साहेब येणार होते. भिंत घाण दिसू नये म्हणून मॅडमनी पोरं यायच्या आधीच तो चिखल खरवडून काढला आणि त्या जागी पुस्तकातल्या माशीचं मोठं पोस्टर लावलं.

"वा मॅडम! निसर्गच वर्गात आणला की तुम्ही," साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात खिडकीतून माशी आत आली, तोंडात चिखलाचा ओला गोळा घेऊन. पोस्टरभोवती घिरट्या घालत राहिली.

"मॅडम," साक्षीनं विचारलं, "तिची पिल्लं कुठं गेली?"



मॅडमनी हात ओढणीखाली घेतले. नखांत अजून माती होती.