विसावा नकार

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी क्वेंका शहराच्या सरकारी इस्पितळात नळी एकच उरली होती. डोक्यात साचलेलं पाणी पोटात उतरवणारी ती बारीक नळी. बाळं दोन होती आणि पुढची खेप पाच आठवड्यांनी यायची होती.

यादीत पहिला एफ्राइन, वय चार महिने. डोक्याचा घेर आठवड्याला दोन सेंटिमीटर वाढत होता. टाळू फुगलेली, कपाळावर निळ्या शिरा, बुबुळं खालच्या पापणीत बुडालेली. त्याची आई सोइला तेनेसाका सिगसिग गावाहून पहाटेच्या बसने आली होती. बाळ पाठीला बांधून ती स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर गवताची टोपी विणत बसली होती.

मशीन चालवणारा आब्दोन गुआमान बाहेर आला तेव्हा ती उठली नाही, पण तिचे हात थांबले.

"रक्ताचा कागद आला का, दादा?"

"आला, राजधानीतून, किटोहून. दोष सापडला नाही. तुमच्याकडून त्याला काही आलेलं नाही."

सोइलाचा धाकटा भाऊ असाच गेला होता. मोठं डोकं, अंगठे तळव्यात मुडपलेले. हे आईकडून मुलग्यात उतरतं, हे गावाने डॉक्टरांच्या आधी ठरवून टाकलं होतं.

"मी म्हणतच होते, याचे अंगठे सरळ आहेत. सासूला दाखवते आता हा कागद. काच लावून भिंतीवर टांगते, तिच्या खाटेसमोर." ती हसली आणि तिने पाठीवरचं बाळ सावरलं. "मग नळी मिळेल ना?"

"ते डॉक्टर ठरवतात. चित्र बघून."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. विणणाऱ्या बाईला डोकी नजरेने मोजायची सवय असते.

"तुमच्या टोपीला वीतभर गवत जास्त लागतं की हो. कोण विणतं?"

"एक म्हातारा आहे. माझा साचा त्याने वेगळा ठेवलाय."

"बायकोला बाजारात लांबून सापडत असाल."

"बायको नाही."

"आईला तरी?"

"आईला सापडायचो. ती गेली."

सोइलाने पुन्हा विणायला घेतलं.

आब्दोनला इथे अकरा वर्षं झाली होती. मशीन आलं तेव्हा कसोटीसाठी त्यात पहिल्यांदा आडवा झाला तो तोच. तेव्हापासून निर्णय आतमध्ये डॉक्टर घेत आणि नकार असला तर बाहेर येऊन तो आब्दोनने सांगायचा. आजवर एकोणीस वेळा. त्या एकोणीस घरांतलं कोणी त्याला रस्त्यात ओळख देत नसे. डिसेंबरात सगळं इस्पितळ पत्ते खेळायला बसे. कुठलं पान पडून गेलंय हे लक्षात ठेवण्याचा तो खेळ. आब्दोनच्या सगळं लक्षात राही, म्हणून त्याला कोणी खेळायला घेत नसे. तो मशीनशेजारी एकटाच उकडलेला मका खात बसे.

डॉक्टर लेओनिदास आस्तुदियो यांचा एक नियम होता. नाव बघून ते चित्र वाचत नसत. नाव बघितलं की दया येते आणि दयेला नळ्या पुरत नाहीत, असं ते म्हणत. त्यामुळे फिल्मच्या कोपऱ्यावर, नाव-वय-तारीख असते तिथे, आब्दोन पांढरी पट्टी चिकटवून ठेवी.

दहाला दहा कमी असताना डॉक्टर आले.

"हे आधी बघा," आब्दोन म्हणाला आणि त्याने फिल्म दिव्यावर लावली.

डॉक्टर अर्धा मिनिट पाहत राहिले.

"अरे देवा. नुसतं पाणीच आहे हे. वाट मधेच बंद, जन्मापासूनच. आणि मेंदू बघ, ही कडेची रेघ तेवढी. संत्र्याची साल याहून जाड असते." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हाड जरा जास्तच जाड दिसतंय..." मग घड्याळाकडे पाहिलं. बाहेर तीसेक माणसं ताटकळत होती. "नाही. नळी दुसऱ्या बाळाला."

"नक्की?"

"तू कधीपासून विचारायला लागलास?"

"बाहेर मला सांगायचं असतं. काय सांगू?"

"नेहमीचंच. चालणार नाही. बोलणार नाही. आईला ओळखणार नाही."

"आणि पत्ते?"

डॉक्टरांना हसू आलं. "पत्ते! अरे, हा मोठा झाला ना, तरी याला स्वतःचं नाव सांगता येणार नाही."

आब्दोन बाहेर गेला नाही. दाराच्या काचेतून सोइला दिसत होती. बाळाला मांडीवर घेऊन ती अर्धी विणलेली टोपी त्याच्या डोक्यावर धरून बघत होती. ती लहान पडत होती. तिने शांतपणे शेवटची ओळ उसवायला घेतली.

आब्दोनने स्वतःची टोपी काढून टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी फिल्मचं एक पाकीट ठेवलं. त्यावर एफ्राइनचं नाव होतं आणि ते अजून उघडलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाकिटाकडे पाहिलं, मग दिव्यावरच्या फिल्मकडे.

"मग हे कोणाचं?"

"पट्टी काढा, डॉक्टर."

"माझा नियम तुला माहीत आहे."

"आजच्या दिवस काढा."

दहा वाजून चार मिनिटांनी डॉक्टर आस्तुदियोंनी नखाने पट्टी सोलली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. वय तेहेतीस. नाव, आब्दोन गुआमान.